पांढरवाडीत पाणी नाही

पुणे, ११ फेब्रुवारी २००३

प्रिय बिभीषणदादा,

...आणि तेवढ्यात एसटी हलली, म्हणून ते अर्धंच राहिलं. मी खिडकीतून ओरडून सांगत होते आणि तू नुसता हात हलवत होतास. तुला एक अक्षर ऐकू आलं नसणार हे मला मांजरसुंबा आल्यावर लक्षात आलं. तर मी सांगत होते की आम्ही ‘कारखान्याची माणसं’ नाही. तू वाडीत सगळ्यांना तसंच सांगितलंस.

नीट सांगते. आपल्या साखर कारखान्याला मळीपासून अल्कोहोल काढायची डिस्टिलरी टाकायचीय. ती टाकायच्या आधी कुणीतरी बाहेरच्यानं येऊन बघायचं, की तिच्यामुळे इथल्या पाण्याचं, मातीचं, हवेचं, माणसांचं काय होईल. ते बघून रिपोर्ट लिहायचा. मग सरकार परवानगी देतं किंवा नाही देत. बघणारे आम्ही. म्हणजे मी, सर आणि ती बाटल्यांची पेटी. कॉलेज संपल्यावर ही माझी पहिली साईट, आणि ती निघाली आत्याच्या दारात. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय. पप्पा तर दोन दिवस वाडीबद्दलच बोलतायत.

सर्व्हे मस्त झाला. सावित्रीबाईंपासून बंकटकाकांपर्यंत प्रत्येकाला विचारलं, जवळपास पिण्याचं पाणी आहे का? विहीर, बोअर, ओढा, काहीही. सगळ्यांचं उत्तर एकच. ‘न्हाई. टँकर आला तर पाणी.’ मी तसंच लिहिलं, पांढरवाडीत पाणी नाही. सर म्हणाले, इतकी एकसारखी उत्तरं त्यांना कुठल्याच गावात मिळाली नव्हती.

एक मात्र डोक्यातून जात नाही. मी उन्हातून आले तेव्हा आत्यानं तांब्या दिला. ते पाणी इतकं गार आणि इतकं गोड होतं. बाकीच्या गावांत टँकरचं पाणी प्यायलेय मी, त्याला औषधाचा वास येतो, नाहीतर गंजाचा. तुमचा टँकर भरतो तरी कुठून?

फोन करणार होते, पण दिंद्रुडच्या बूथवर अख्खा बाजार कान लावून उभा असतो असं तूच म्हणालास. म्हणून पत्र. उत्तर दे.

तुझी,
पल्लवी

---

पांढरवाडी, ता. २० फेब्रुवारी

पल्लवीबाई सायबीण यांना बिभीषणचा रामराम.

पत्र भेटलं. आईला वाचून दावलं. तू जे काम करतीस ते आईला मी दोनदा समजावून सांगितलं. आई म्हणली, म्हणजे सोयरीक जुळवायच्या आदी पोराची माहिती काढायला जात्यात तसं. मी म्हणलं हां, तसंच.

कारखान्याची माणसं न्हाई म्हणतीस, बरं. मग जीप कुणाची व्हती? जेवण कुठल्या गेस्ट हाऊसला झालं? आमी अडाणी हाव, पर जीप वळखता येती. नाराज होऊ नको, गंमत केली.

पाण्याचं इचारलंस. टँकरचंच हाय. आई फडक्यानं गाळती, तुरटी फिरवती, रांजणाला वलं पोतं गुंडाळती. म्हणून गोड लागलं. आन उन्हातनं आलेल्या माणसाला कोणतं बी पाणी गोडच लागतंय. लई इचार करू नको.

यंदा ऊसच न्हाई म्हणून कारखाना लवकर बंद झाला. आमा चिटबॉय लोकाला घरी बसवलंय. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटायच्या तर रानात ऊस तर पायजे. चेअरमन आप्पा म्हणत्यात, डिस्टिलरी झाली की बारा महिने काम. गीता म्हणती, तुमची भईण रिपोर्ट लिहायलीय तर चांगला लिही म्हणून सांगा. मी सांगितलं बघ.

आई इचारती, समद्या जगाची माहिती काढून झाल्यावर सोताच्या लग्नाचं बघणार का.

बिभीषण

---

पुणे, १९ मार्च

प्रिय दादा,

आत्याला सांग, लग्नाचा सर्व्हे चालू आहे, उत्तरं एकसारखी येत नाहीयेत.

आता बातमी. रिपोर्टचा पहिला मसुदा झाला आणि त्यात माझं नाव आहे. छापील. आईनं ते पान कपाटाला चिकटवलंय.

डिस्टिलरी कारखान्याच्या आवारातच होणार, तिच्याबद्दल वाद नाही. प्रश्न होता मळीच्या पाण्याचा. अल्कोहोल काढून झाल्यावर जे काळं-तपकिरी, वासाचं पाणी उरतं ना, ते. अल्कोहोलच्या कितीतरी पट असतं ते. ते साठवायला मोठं तळं लागतं, खाली जाड प्लॅस्टिक अंथरून. त्यासाठी दोन जागा होत्या. एक कारखान्याच्या मागे, पण तिकडे काळी जमीन, बागायत, विहिरी. दुसरी पांढरवाडीचं गायरान, ओढा वळतो तिथे, तीन पळसांच्या वरच्या अंगाला. कुठली जागा कमी वाईट हे ठरवायचं होतं आणि ते माझ्या सर्व्हेवरून ठरलं. दुसरी जागा. कारण तिथे पाणीच नाही. जिथे पाणी नाही तिथे खराब व्हायला काही नाही.

सर म्हणाले, एवढा स्वच्छ निष्कर्ष पहिल्याच रिपोर्टमध्ये फार कमी लोकांना मिळतो. मी हवेत आहे दोन दिवस.

आणि गीतावहिनीला सांग, तळ्यावर राखणीला माणसं लागणार आहेत. वाडीतलीच घ्या असं मी रिपोर्टमध्ये लिहिलंय.

पल्लवी

---

पांढरवाडी, ता. २७ मार्च

पल्लवी,

तुझं पत्र वाचून लगीच लिहायला बसलो. ते तळं नेमकं कुठं? पळसाच्या वरच्या अंगाला का खालच्या? वरच्या अंगाला आसंल तर त्याचं पाणी वळणाकडंच उतरतंय. जागा बदलता येत न्हाई का? तिकडं माळावर, खडीच्या खदानीपाशी लई जागा पडलीय.

कावून म्हणशील तर तिथं देव हाय. वळणावर. सटवाईचं ठाणं हाय, पयल्यापासून. बायका पाचवीला जात्यात. तुला दिसलं नसंल, दगड वाळूत बुजल्यात. आता शेंदूर लावून नीट केलंय. देवाच्या डोक्यावर मळीचं पाणी साठवलं तर वाडीला तकलीफ व्हईल. हे रिपोर्टात लिही. जरा मोठ्या अक्षरात लिही.

आई जवळ बसलीय. ती म्हणती हे नको लिहू. मी लिहायलोय.

बिभीषण

---

पुणे, ४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. सर चष्मा काढून हसले. म्हणाले, ‘मसुदा बाहेर आला की प्रत्येक साईटवर देव उगवतो. ठीक आहे, लिहा, देवस्थान हलवावं लागेल.’ त्यांनी कारखान्याला कळवलं आणि चेअरमन म्हणे एका पायावर तयार झाले. पलीकडे सिमेंटचं देऊळ बांधून देणार, वर कळस, लाईट. तर आता तुम्हाला देऊळ मिळणार आहे. अभिनंदन.

मला राग आलाय दादा. मी त्या वळणावर स्वतः चालत गेलते. तिथे देव नव्हता. काट्यांचा एक मोठा ढीग होता आणि त्याच्याभोवती वाळूत बायकांच्या पावलांचे ठसे होते, जाणारे आणि येणारे. तेव्हा मला वाटलं सरपणाला येत असतील. आता रोज तेच आठवतंय. सरपणाला आलेली बाई काटे तिथेच कशाला ठेवून जाईल?

आणि तो तांब्या. मी परवा ऑफिसमध्ये पाणी प्यायले आणि मला एकदम आत्याच्या घरची चव आठवली. टँकरच्या पाण्याला तुरटी फिरवून ती चव येत नाही. मी बाटल्या तपासते दादा, मला तेवढं कळतं.

महिनाभरात जनसुनावणी लागेल. म्हणजे कारखान्यावर मांडव, सरकारी अधिकारी, आणि ज्याला जे म्हणायचं ते त्यानं उठून म्हणायचं. त्यानंतर रिपोर्ट पक्का. मला खरं सांग. तुला जमत नसेल तर आत्याला सांगू दे.

पल्लवी

---

पांढरवाडी, ता. १४ एप्रिल

चि. पल्लूस, तुझ्या आत्याचा, साखराबाईचा आशीर्वाद. हात बिभीषणचा हाय, बोलणं माजं हाय. ह्यानं मधी काई घुसडलं तर वळखून घे.

बाळा, त्या वळणावर झिरा हाय. वाळू हातानं उकरली की खालून पाणी झिरपतंय. वाटी वाटीनं घागर भरायची. ओढा आटला, हिरी आटल्या, तरी त्यो आटत न्हाई. वरून फरशी ठिवायची, फरशीवर बाभळीचे काटे, म्हंजी जनावर तोंड घालीत न्हाई. पाणी बायकाच काढत्यात, पाळीनं. आन टँकर सुरू झाला की पाऊस लागस्तवर त्याचं नाव कुणी तोंडातून काढायचं न्हाई, हा आमचा नेम हाय. कुणी बी इचारलं, पाणी हाय का, तर न्हाई म्हणायचं.

कावून ते ऐक. मागच्या एका दुष्काळात तलाठी आलता. दुपारचं ऊन, तहानलेला माणूस. छबुबाईनं, माज्या जावंनं, त्याला झिऱ्याचं पाणी पाजलं. त्यो पेला, म्हणला वा. आठ दिसात टँकर बंद. गावात पाणी हाय म्हणला, टँकर कशाला? झिरा काई वाडीला पुरत न्हाई गं. पिण्यापुरतं देतोय. धुणं, जनावरं, मेंढरं, समदं टँकरवर. त्या साली निम्मी मेंढरं इकावी लागली. छबुबाईला लोकांनी मरूस्तवर बोलणं लावलं.

म्हणून तू पाटी घेऊन इचारीत फिरलीस तवा समदी न्हाई म्हणली. मी बी म्हणले. टँकर जाईल म्हणून. तळ्याचं कुणाच्या डोक्यात बी नव्हतं. पर तू उन्हातनं आलीस, भावाची लेक, माज्याच्यानं तुला टँकरचं पाजवंना. ह्यो बिभीषण तवापासून माज्यावर दात खातोय.

(खातोच हाय. लिहितो बी हाय. – बि.)

आता आमच्याच न्हाईनं आमच्या डोक्यावर तळं आलं. प्लॅस्टिक म्हंजी प्लॅस्टिक. मेंढराच्या खुरानं बी फाटतंय. तू ते मिटव. पर टँकर जाऊ देऊ नको. आन आमचं नाव कुठं लिहू नको.

साखराबाई

---

पुणे, २१ एप्रिल

आत्या, दादा,

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा हसू आलं, देवाला शेंदूर लावणाऱ्या दादाचं. मग हसू थांबलं.

मी दुसऱ्याच दिवशी सरांकडे गेले. नाव न घेता सांगितलं, की तिथे पाणी आहे. सरांनी फाईल उघडून माझ्यासमोर ठेवली. ‘हे कुणी लिहिलंय?’ मी. ‘लोकांनी सांगितलं तेच लिहिलंस ना?’ हो. ‘मग आता मी काय लिहू? की पुण्याला आमच्या मुलीला चव आठवली?’

ते वाईट नाहीत, आत्या. शेवटी दार लावून म्हणाले, सुनावणीत वाडीतल्या एकानं जरी उठून सांगितलं की इथं झिरा आहे, तर ते नोंदवावंच लागेल. मग आपण बाटली भरू, तपासू, जागा बदला म्हणून लिहू. पण सांगायला माणूस पाहिजे, नाव पाहिजे, जागा दाखवायला पाहिजे. नाव न घेता पाणी वाचवायची सोय कायद्यात नाही.

अडचण कळली ना? सुनावणीला मांडवात कलेक्टर ऑफिसचे अधिकारी असतील आणि त्यांच्या शेजारी तहसीलदार. टँकरची सही त्यांचीच.

मी विचारलं सरांना, झिरा लिहून टँकरही चालू ठेवता येणार नाही का? ते म्हणाले, तो आपला विषय नाही.

मला रात्रंदिवस तेच दिसतंय. मी स्वतः उठून बोलू शकत नाही, मी रिपोर्टवाल्यांच्या टेबलाला असेन, लोकांचं बोलणं लिहून घ्यायला. तुम्ही वाडीत बसा, बोला. लवकर बोला.

पल्लवी

---

पांढरवाडी, ता. ९ मे

पल्लवी,

बसलो. बोललो. मारामारी तेवढी राहिली.

मारुतीच्या पारावर समदी जमली. मी तुझं पत्र वाचलं. बंकटकाका म्हणले, ‘तळं फाटंल तवा फाटंल. टँकर उद्या बंद व्हईल. मेंढरं उद्या काय पिणार, तुझ्या भैणीचा रिपोर्ट?’ दगडाबाई म्हणली, तळ्याचं पाणी एकदा का झिऱ्यात उतरलं की नातवंडाला काय पाजशील. काका म्हणले, नातवंडं जगली तर पितील. मग धुळाजी उठला, म्हणला, समदं खरं, पर उठून बोलणार कोण? मी म्हणलं, तू बोल. तर म्हणतो मी कावून, बिभीषण बोलंल, त्याचीच भईण हाय. मी म्हणलं, मी चिटबॉय हाय बे, चेअरमनसमोर मी बोललो की माझी चिठ्ठी कायमची फाटली. समदी हसली. आन हसता हसता समद्यायला कळलं की कुणीच बोलणार न्हाई.

ठरलं ते असं. सुनावणीला जायचं, ट्रॉलीत बसायचं, कारखाना देतोय ते जेवण जेवायचं, गप राहायचं. पाऊस पडस्तवर टँकर सांभाळायचा. तळं बांधायला साल दोन साल लागतील, तवर बघू.

आप्पाचा माणूस काल आलता. मला सुनावणीच्या दिवशी गेटवर ड्यूटी दिलीय, ट्रॉल्या लावायची. म्हणला, आत येऊ नको, बाहेरचं बघ. कावून ते मला कळलं, त्याला बी कळलं की मला कळलं.

आई पारावर एक शब्द बोलली न्हाई. तवापासून घरात बी बोलत न्हाई. गीतानं इचारलं, मामी, बरं न्हाई का, तर म्हणली, बरी हाय, तोंड बंद ठिवायचा नेम हाय न्हवं.

बिभीषण

---

पुणे, २४ मे

दादा,

तू गेटवर होतास. आत काय झालं ते तुला शंभर जणांनी शंभर तऱ्हेनं सांगितलं असेल. मी टेबलाला होते, माझ्याकडून ऐक.

मांडवात श्वास घेता येत नव्हता. पंखे नुसतीच गरम हवा फिरवत होते. भाषणं झाली, सगळी एकाच सुरात, डिस्टिलरी झालीच पाहिजे, तरुणांना काम मिळालंच पाहिजे. मी लिहून घेत होते. कारखान्यानं पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटल्या होत्या, त्या उन्हात तापून चहासारख्या झालेल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, अजून कुणाला बोलायचंय? पांढरवाडीची सगळी माणसं मांडवाच्या डाव्या बाजूला जमिनीकडे बघत बसलेली. मी बंकटकाकांकडे बघितलं तर त्यांनी टोपी काढून झटकायला घेतली.

तेव्हा आत्या उठली. हातात पितळेची चरवी, वर ओलं फडकं, दुसऱ्या हातात फुलपात्र. मला वाटलं माईककडे जाईल. ती माईककडे गेलीच नाही. सरळ टेबलाशी आली. ‘सायब, ऊन लई हाय. घोटभर घ्या.’

मोठे अधिकारी प्यायले. मग तहसीलदार प्यायले. पूर्ण फुलपात्र. परत पुढे केलं, आत्यानं परत भरलं. तिनं चेअरमनसमोरही धरलं. आप्पांनी घेतलं नाही. ते फुलपात्राकडे बघत राहिले. ते ह्याच भागातले ना, दादा? मला वाटतं त्यांनी न पिताच ओळखलं.

तहसीलदार तोंड पुसत म्हणाले, ‘आजी, झकास पाणी आहे. कुठलं?’

‘पांढरवाडीचं.’

‘पांढरवाडीत कुठलं पाणी? तिथं आमचा टँकर चालतो.’

आत्या म्हणाली, ‘कागदावर न्हाई, सायब. तुमच्या पोटात हाय.’

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग ती माझ्याकडे वळली. ‘ही माजी भाची. हिला समद्यांनी न्हाई म्हणून सांगितलं, मी बी सांगितलं. आता हाय म्हणून लिहून घे बाई. साखराबाई, पांढरवाडी. वळणावर, तीन पळसाच्या खाली.’ मागून बंकटकाका ओरडले, ‘म्हातारे, काय केलंस हे,’ आणि आत्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. चरवीत उरलेलं पाणी तिनं माझ्या बाटलीत ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

मी लिहिलं. सरांनी माझ्या वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, जागेचं नाव स्पष्ट लिही.

संध्याकाळी आम्ही वळणावर जाऊन नीट बाटल्या भरल्या. तपासणी झाली. पाणी पिण्यायोग्य. तसं लिहून रिपोर्टमध्ये आम्ही जागा बदलायला सांगतोय. तळं कारखान्याच्या मागेच, दुहेरी अस्तर लावून. परवानगी देणारे ऐकतील का माहीत नाही, पण झिरा आता कागदावर आहे, कुणाला पुसता येणार नाही.

मी काल तहसीलदारांना अर्ज टाकलाय, की झिरा पिण्यापुरताच आहे, टँकर बंद करू नका. आत्या कशी आहे ते ताबडतोब कळव.

पल्लवी

---

पांढरवाडी, ता. १० जून

पल्लवी,

टँकर बंद झाला. सुनावणी झाली त्याच्या फुडच्या हप्त्यात. ड्रायव्हर शेवटच्या खेपेला आलता, म्हणला, तुमच्या गावात बिसलेरी निघाली म्हणत्यात, आता माजं काय काम.

तुझ्या अर्जाचं इचारायला मी माजलगावला गेलतो. साहेब मीटिंगला. क्लार्क म्हणला, अर्ज हाय, वर पाठवलाय. वर म्हंजी कुठं ते त्याला बी म्हाईत न्हाई.

झिऱ्यावर आता समदी वाडी. बायकायची पाळी पहाटंपासून लागती. कोपराइतकं खाली असायचं ते पाणी आता खांद्याइतकं गेलंय, पालथं पडून वाटी बुडवावी लागती. बंकटकाका मेंढरं घेऊन धर्मापुरीकडं पाव्हण्याकडं गेले. जाताना आमच्या दारावरून गेले, थांबले न्हाईत. आईची पाळी बायका शेवटी ठिवत्यात. कुणी बोलत न्हाई तिच्याशी. दगडाबाई तेवढी कळशी उचलून देती, ती बी आजूबाजूला बघून.

मला कारखान्याचा निरोप आला, फुडच्या हंगामात बघू. म्हंजी बघणार न्हाईत.

मी तुझ्यावर लई चिडलो व्हतो. आईला भरीस तूच घातलंस असं वाटलं. दोनदा पत्र लिहून फाडलं. मग परवा एक झालं. मी वळणावर आईची घागर आणायला गेलतो. आप्पाची जीप आली. आप्पा एकलेच उतरले. झिऱ्यापाशी आले, फरशी बाजूला सारलेली व्हती, वाकून आत बघितलं. मला म्हणले, ‘माझी आई हितलं पाणी न्यायची बे, दुष्काळात.’ मी म्हणलं, मग आप्पा, हे तळं हितं कावून? ते म्हणले, ‘मला तरी कुणी सांगितलं व्हतं का, की अजून पाणी हाय? तुमीच तर न्हाई म्हणलात.’ आन गेले. खरं का खोटं, त्यांचं त्यांना म्हाईत. पर तवापासून माझा राग कुणावर ठिवावा तेच कळंना.

आभाळ येतंय आन जातंय.

आईला इचारलं, पल्लूला काय लिहू. रांजणात वाटी बुडवून एक घोट पेली. मग म्हणली, लिही, पाणी कमी झालंय पर गोड हाय अजून.

बिभीषण

---

पुणे, १७ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पप्पांनी एकदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं, परत दिलं नाही. ते शनिवारी निघतायत वाडीला. टँकर नाही आणू शकत, पण आत्याची घागर उचलायला माणूस वाढेल, म्हणाले.

मी कलेक्टर ऑफिसला परत लिहिलंय. इथल्या एका वर्तमानपत्रालाही. रोज फोन करते, रोज कुणीतरी नवीन माणूस फोन उचलतो. स्वस्थ बसवत नाही आणि करण्यासारखंही काही उरत नाही, असे दिवस चाललेत.

सर म्हणतात, आपण बरोबर केलं. जागा बदलायची शिफारस लिहिली, नोंद झाली, पाणी तपासलं. एका शिकाऊ मुलीच्या पहिल्या रिपोर्टनं झिरा वाचवला, अजून काय पाहिजे? मला ते ऐकून बरं वाटायला हवं. पण मग डोळ्यासमोर आत्या येते, शेवटच्या पाळीत उभी असलेली.

दादा, रिपोर्टच्या शेवटी एक तक्ता असतो. डावीकडे एकेक परिणाम लिहायचा, धूळ, आवाज, वास, पाणी. समोर दोन रकाने. तात्पुरता आणि कायमचा. प्रत्येक परिणामासमोर एका रकान्यात खूण करायची. काल मी तो तक्ता पूर्ण करायला बसले. सगळ्या खुणा झाल्या, आणि माझ्या लक्षात आलं की पांढरवाडीचा टँकर त्यात कुठेच नाही. तो डिस्टिलरीचा परिणाम नाही, डिस्टिलरी तर अजून उभीच नाही. तळ्याचाही नाही. तो आमचा परिणाम आहे. आम्ही आलो, विचारलं, लिहिलं, म्हणून तो बंद झाला. बघणाऱ्यांमुळे काय होतं ते लिहायला तक्त्यात ओळच नाही.

मी ओळ वाढवली. शेवटची. ‘मूल्यांकनामुळे पांढरवाडीचा टँकर बंद.’ सर म्हणाले खोड, हा आपला विषय नाही. मी नाही खोडलं. त्यांनीही पेन उचललं नाही. म्हणाले, सोमवारी छापायला जाईल, तोपर्यंत ठरव. म्हणून पत्र लिहीत बसू नकोस, बूथवरून फोन कर, ऐकू दे सगळ्या बाजाराला.

पाऊस आठ दिवसांत आला तर बंकटकाका मेंढरं घेऊन परत येतील, लोक आत्याशी बोलायला लागतील, आणि वाडीला एक झिरा असेल ज्याचं नाव घ्यायला कुणी घाबरणार नाही. नाही आला तर आत्याची जी छबुबाई होईल ती मी केलेली असेल.

तुला काय वाटतं, ती ओळ ठेवू का? आणि ठेवली, तर खूण कुठल्या रकान्यात करू, तात्पुरता की कायमचा?